चौथा माईक

आमच्या घरात कॅमेरा नवऱ्याचा आणि आवाज माझा. हे मी म्हणत नाही, आमच्या कार्डावरच छापलंय: चित्रीकरण मनोज, ध्वनी नंदा. कार्डं छापून आणली तेव्हा सासूबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "आवाज हिचाच हाय ह्या घरात, ते छापायची काय गरज व्हती?"

कॅमेरा आमचा घरगुती, एका हाताच्या पंजात मावणारा. चित्र चांगलं येतं, पण त्याचा कान बारका. भटजी मंगलाष्टकं म्हणत असले तरी त्याला शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला आधी ऐकू यायचा. म्हणून मनोजनं नेरळच्या एका बँडवाल्याकडून जुना मिक्सर घेतला. चार माईक त्यात लावायचे, चार बटणांनी आवाज कमी-जास्त करायचा आणि एका वायरीनं सगळं कॅमेऱ्यात सोडायचं. तो मिक्सर पट्ट्यानं माझ्या गळ्यात. मनोज पुढे कॅमेरा घेऊन, मी मागे मिक्सर घेऊन, मध्ये पंधरा फुटांची वायर. तो नवरीकडे पळाला की मी ओढली जायची. मी थांबले की त्याला हिसका बसायचा. मनोजला बायकोनं दाव्याला बांधलाय असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, दावं दोन्हीकडून असतं. चार वर्षं आम्ही अशी लग्नं, साखरपुडे, बारशी केली. तक्रार कुणाची आली नव्हती, कारण लग्नाच्या चित्रावर लोक शेवटी गाणी चढवून घेतात. आवाज कुणी ऐकतच नाही.

ग्रामसभेचं काम आम्हाला जानेवारीत पहिल्यांदा मिळालं. सव्वीस जानेवारीची सभा, तिचं चित्रीकरण करून ग्रामसेवकाकडे द्यायचं. काम दिलं ते विकासभावजींनी. विकास म्हणजे मनोजचा चुलतभाऊ, पंचायतीचा सदस्य. दोन वर्षांत आमची निम्मी लग्नं त्याच्याच शब्दानं आली होती, हे सांगून टाकलेलं बरं.

त्याच विकासनं ओढ्याकाठची शेती मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी विकली होती. त्या शेतातून एक पायवाट जाते. वरच्या ठाकरवाडीतल्या बायका त्या वाटेनं ओढ्याकाठच्या विहिरीवर येतात. वाडीचा झरा होळीला आटतो, तिथून पावसापर्यंत ती एकच विहीर. पार्टीला कुंपण घालायचं होतं आणि फाटकाला कुलूप लावायचं होतं. कुणाची हरकत नाही असा ठराव त्यांना सभेतून हवा होता.

समाजमंदिरात सभा भरली. वाडीच्या बायका आल्या आणि दारात, उंबऱ्याच्या आत-बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसल्या. त्या नेहमी तिथंच बसतात. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलेलं नाही, आणि आत या असंही कुणी म्हटलेलं नाही. वाटेचा विषय निघाला तशी कोंडी उठली. कोंडी पन्नाशीची असेल. आमच्या भाताच्या लावणीला, राबाला, झोडणीला तीच येते. सरपंचांनी शिपायाबरोबर हातातला माईक तिच्याकडे पाठवला. कोंडीनं तो घेतला, हात लांब केला आणि माईकचं तोंड सरपंचांकडे करून बोलायला लागली. ज्याला ऐकवायचं त्याच्याकडे ते धरायचं, असं तिला वाटलं. तिच्या जागी ते बरोबरच होतं.

सगळे हसले. टेबलावरचे तर खुर्च्या मागे ढकलून हसले. विकास म्हणाला, "अगं, साहेबाला भाकरी भरवतीस का?" मग आणखी हसले. कोंडी तशीच हात लांब करून दोन-चार वाक्यं बोलली आणि खाली बसली. विषय पुढे गेला.

आठ दिवसांनी इतिवृत्तात आलं की वाटेबाबत कुणाचीही हरकत आली नाही. वाडीच्या बायका ग्रामसेवकाकडे गेल्या. तो म्हणाला, चित्रीकरण बघू. मनोजनं आमच्या ओटीवर लॅपटॉप उघडून लावलं. मी चहा टाकत होते, आतूनच मला कळलं काहीतरी बिघडलंय. सगळा आवाज फाटलेला. सरपंच बोलतोय की पत्र्यावर दगड ओढतायत ते समजत नव्हतं. कोंडी दिसत नव्हती, कॅमेरा टेबलाकडे रोखलेला होता. तिचं बोलणं कुठंतरी लांब, आणि वर त्या हसण्याचा खरखराट. ग्रामसेवक चहा न पिताच उठला. म्हणाला, यात काही ऐकूच येत नाही, मी तरी काय लिहू. लिहिलंय तेच राहिलं.

मला खरंच कळेना. सभेत माझ्या कानाला हेडफोन होते आणि त्यात सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. दुपारी सगळे पांगल्यावर मी पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून, तीनदा. मोठा आवाज तेवढा फाटला होता. हळू आवाज नीट होते. त्या सगळ्या खरखराटात कोंडी दम घ्यायला थांबली त्या जागी एक आवाज स्वच्छ येत होता. माईकजवळ बसून, तोंडाला पदर लावून कुणीतरी हसत होतं. ते मी होते.

लाज वाटली. असली लाज की लॅपटॉप मिटून मी उगाच गोठ्यात जाऊन उभी राहिले. त्या बाईनं आमच्या घरचं भात लावलंय, माझ्या बाळंतपणात रानातून झाडपाल्याचं औषध आणून दिलंय, आणि तिच्या हरकतीच्या जागी माझं खिदळणं नोंदवलं गेलं होतं. मनोजला मी काही बोलले नाही. त्याला ते हसणं कुणाचं ते कळलं असेल, चार वर्षं ऐकतोय तो मला. तोही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मिक्सर पिशवीत घालून मी कर्जतला गेले. स्टेशनबाहेर एक म्हातारा मिस्त्री बसतो, कपाटाएवढं दुकान. त्यानं वायर बघितली आणि म्हणाला, पोरी, हे तुम्ही चार वर्षं असंच लावताय? मिक्सरमधून आवाज येतो तो पाटाच्या पाण्यासारखा आणि या कॅमेऱ्याचं तोंड तांब्याचं. जोर कमी केल्याशिवाय सोडलं तर सगळं उतू जाणार. त्यानं वायर कापून मध्ये जोर कमी करणारे शेंगदाण्याएवढे दोन तुकडे डाग देऊन बसवले, वर काळी पट्टी गुंडाळली. मग विचारलं, हेडफोन कुठं लावतेस? मी म्हटलं, मिक्सरला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"मिक्सरला लावशील तर मिक्सरचं ऐकशील. कॅमेऱ्यात काय गेलं ते कॅमेऱ्यालाच विचार."

आणखी एक दाखवलं. शांत झालं की कॅमेरा आपोआप आवाज वाढवतो, मग पंख्याची घरघर माणसाच्या बोलण्याएवढी होते. ते आपोआप बंद करून आपल्या हातात घ्यायचं. मी सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं.

फेब्रुवारीत कुंपण झालं, होळीच्या आधी फाटकाला कुलूप लागलं. वाडीच्या बायका डांबरी रस्त्यानं वळसा घालून विहिरीला यायला लागल्या. डोक्यावर दोन हंडे, पायाखाली तापलेलं डांबर. पूर्वी पाऊण तासात एक खेप व्हायची, आता दोन तास. खालापूरला तहसील कार्यालयात त्यांनी अर्ज दिला. तिथं सांगितलं की सभेत हरकत घेतल्याचं काही दाखवा, सुनावणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी एकच ग्रामसभा होती, एक मेची.

एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या राबाचं काम निघालं. भाताच्या रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, वर गवत, वर माती, आणि वारा नसताना पेटवून द्यायचं. पातेऱ्याचे भारे कोंडी आणि तिची नणंद ठकी आणायच्या. कोंडी उशिरा आली तर सासूबाई करवादल्या. ऊन वर आल्यावर राब भाजायचा का, म्हणाल्या. कोंडीनं भारा टाकला, डोक्यावरची चुंबळ काढून घाम पुसला आणि एवढंच म्हणाली की वाट लांबली.  नंतर सासूबाईंनीच तिला ताकाचा तांब्या दिला.

आम्ही दोघी वाकून माती पसरत होतो. धुरानं डोळे चुरचुरत होते. मी तिला म्हटलं, एक तारखेला सभेत पुन्हा बोल.  ती हातातलं घमेलं रिकामं करून आली, मग म्हणाली, "मला तो दांडा नको. दांडा हातात आला की लोका हासतात."

दांडा म्हणजे माईक. मला वाटलं आत्ताच सांगावं, मीही हसले होते. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. म्हटलं, दांडा कुणी देणार नाही. तू तुझ्या रोजच्या जागेवर बस. तिथनंच बोल. बाकी माझ्याकडे लागलं.

तिनं मला नीट बघून घेतलं. "तुजा दादला विकासशेटचा भाव हाय," म्हणाली. त्यांच्यात सगळ्यांनाच अरेतुरे असतं, सरपंचालाही. मी म्हटलं, हाय.

सभेच्या आदल्या दिवशी, तीस एप्रिलला, सकाळीच विकासची गाडी दारात. ओटीवर बसला, चहा घेतला, सासूबाईंची विचारपूस केली. मनोजला म्हणाला, उद्या टेबलावरचे माईक लाव आणि कॅमेरा टेबलाकडे ठेव, बास. "मागं कोन काय बोंबलतंय त्याला कशाला आवाज पायजे?" मग खिशातून पत्रिका काढली. त्याच्या मुलीचं, ऋतिकाचं लग्न सत्तावीस मेला. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं तुमचंच, म्हणाला. जाताना माझ्याकडे वळला. "वयनी, तुमी काय ते बटनं फिरवता, ती जपून फिरवा."

मनोज पत्रिका हातात धरून बसला होता. तालुक्यातलं मोठं लग्न, ते केलं की पुढची दहा मिळतात. मी म्हटलं, मी चौथा माईक दारात लावणार आहे. तो म्हणाला, नको लावूस. मी म्हटलं, मागच्या खेपेचा आवाज तू ऐकलास. तो म्हणाला, ऐकला. एवढंच आमचं बोलणं झालं. मग तो बैलाला पाणी दाखवायला गेला.

एक मेला सकाळी मी लवकर जाऊन वायर टाकली. सतरंजीखालून, भिंतीच्या कडेनं, दारापर्यंत. बोटभर लांबीचा माईक. तो ठेवायचा कुठं? उघडा ठेवला तर कोंडी बोलणार नाही आणि विकास बोलू देणार नाही. मी पायातली चप्पल काढली, चपलांच्या जागेवर उलटी टाकली आणि तिच्या टाचेखाली माईक सरकवला. लोक आले, त्यांच्या चपला माझ्या चपलेभोवती पडत गेल्या. नऊच्या सुमाराला वाडीच्या बायका आल्या आणि तिथंच टेकल्या.

या वेळी हेडफोन कॅमेऱ्याला. त्यामुळे मला मनोजच्या मांडीला मांडी लावून बसावं लागलं, तेवढीच त्याची वायर. पंधरा फुटांचं दावं दोन फुटांवर आलं. पहिलं बटण सरपंच, दुसरं टेबल, तिसरं गर्दीतला हातातला माईक, चौथं माझी चप्पल.

विषय एकामागून एक वाचले गेले. पाणीपट्टी, दिवाबत्ती, अंगणवाडीचं छप्पर. मला कानात सगळं स्वच्छ येत होतं, ग्रामसेवकाच्या पानांची सळसळसुद्धा. शेवटी सरपंचांनी घाईनं विचारलं, आणखी कुणाचं काय? आणि माईक स्वतःजवळच ठेवला. मी चौथं बटण वर घेतलं. आधी कुजबूज आली. ठकी म्हणत होती, ऊठ. मग कोंडीचा आवाज, अगदी माझ्या कानात तोंड घालून बोलल्यासारखा.

"मागल्या खेपंला हासली लोका. मी नाय बोलत."

माझा हात बटणावर तसाच राहिला. ठकी पुन्हा म्हणाली, ऊठ, तूच ऊठ. बांगड्या वाजल्या. कोंडी उभी राहिली होती.

मनोजला कानात ऐकू येत नव्हतं, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या असतात. टेबलावर सगळ्यांची तोंडं बंद आणि पट्ट्या वर चढतायत, हे त्याला दिसलं. त्यानं वायरीच्या टोकाला हात घातला. नुसतं ओढलं असतं तरी संपलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी विनवणी केली असती, आणि ती मला करायची नव्हती. दुसरं बटण मी खाली आणलं, टेबल बंद केलं.

मग स्टँडचा खटका वाजला. मनोजनं वायर सोडली होती आणि कॅमेरा दाराकडे फिरवत होता. सगळ्या सभेनं मान वळवून बघितलं कॅमेरा कुठं चाललाय, आणि त्यामुळे सगळ्यांनी कोंडीकडे बघितलं. कुणी हसलं नाही. कॅमेरा ज्याच्याकडे वळतो त्याला लोक हसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

कोंडी दोन्ही हात पोटाशी घेऊन बोलली. "ह्या वाटंनं आमी पानी नेतो. माज्या सासूनं नेलं, तिच्या सासूनं नेलं. आमी फकस्त पानी नेतो असं नाय. तुमच्या दर लग्नाला मांडवाची टहाळं आमी डोंगरातनं आनतो, ती याच वाटंनं. विकासशेट, तुज्या मांडवाची जांभळीची फांदी माज्या डोक्यावं आली व्हती. तवा वाट व्हती. आता ऋतिकाच्या मांडवाला टहाळं कुठनं आनू, सांग. वाट बंद कराय आमची हरकत हाय."

बसली.  वरच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला, टहाळ्याचं खरं हाय. विकास माझ्याकडे बघत होता. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले, माझे कान लाल झाले होते.

त्या दिवशी दुपारी ऋतिकाची पत्रिका परत न्यायला विकासचा माणूस आला. पत्रिका परत नेतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. लग्न नेरळच्या पोरांना गेलं, त्यांच्याकडे वरून उडणारा कॅमेरा आहे.  तिसऱ्या दिवशी जेवताना मनोज म्हणाला, उडणाऱ्या कॅमेऱ्याला आवाज नसतो. मी समजले.

सुनावणीला आम्हाला दोघांना लॅपटॉपसकट बोलावलं होतं. खालापूरला तहसीलदार मॅडमच्या खोलीत कोंडी, ठकी, विकास, पार्टीचा वकील आणि आम्ही. वकिलानं आधी जानेवारीचं लावायला लावलं. हरकत घेतलीच नव्हती, नंतर कुणाच्या तरी शिकवण्यावरून घेतली, असं त्याला दाखवायचं होतं. खोलीभर तो खरखराट सुरू झाला. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. आणि मग ती जागा आली, आणि माझं हसणं आलं. एवढंसं, पदरातलं, स्वच्छ. मी जमिनीकडे बघत होते. कोंडीची मान माझ्याकडे वळली ते मला न बघता कळलं.

मग एक मेचं लावलं. मॅडमसमोर पडदा, आम्हाला नुसता आवाज. कुजबूज आली. मागल्या खेपंला हासली लोका. मी नाय बोलत. मॅडमनी थांबवून ते पुन्हा ऐकलं. मग पुढचं सगळं. मॅडमनी कोंडीला विचारलं, हा आवाज तुमचा ना?

कोंडी म्हणाली, "नाय."

वकील खुर्चीत सरळ झाला.  स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मलाही पहिल्यांदा माझा ओळखू आला नव्हता. पण खोटं बोलणं तिला माहीत नाही, विचारलं तर वाटलं तेच सांगणार. म्हणाली, "माजा असा नाय. ही कोन बारीक बोलते." वकील लगेच म्हणाला, लिहून घ्या मॅडम, अर्जदारच नाही म्हणतेय.

मॅडमनी काही लिहिलं नाही. त्यांनी पडदा कोंडीकडे फिरवला आणि मनोजला म्हणाल्या, पहिल्यापासून लावा. पडद्यावर दार होतं, चपला होत्या, आणि मध्ये उभी कोंडी, पोटाशी हात घेतलेली. तोंड हललं आणि आवाज आला. कोंडी पुढे वाकली. स्वतःचं तोंड हलताना बघत राहिली. शेवटपर्यंत बघितल्यावर मॅडमना म्हणाली, "मीच हाय ती. बोलली ते सगळं बरोबर हाय."

आठवडाभरात मॅडम स्वतः येऊन वाट चालून गेल्या. वाट अडवू नये असा हुकूम झाला. फाटक आहे, कुलूप गेलं. मांडवाची टहाळं त्याच वाटेनं विकासच्या दारात उतरली, कोंडीनंच आणली. त्यानं नको म्हटलं नाही. टहाळ्याशिवाय मांडव होत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं. सुनावणी संपल्यावर आम्ही एसटीची वाट बघत सावलीला बसलो होतो. मनोज पाणी आणायला गेला. ठकी पिशवीवर डोकं टेकून पेंगत होती. कोंडी माझ्या शेजारी बसून तळपायातला काटा शोधत होती.  पायाकडेच बघत म्हणाली,

"माजा आवाज मला वळखला नाय. तुजं हासनं वळाकलं."

मी म्हटलं, हो, मीच. राबाच्या वेळी सांगणार होते, सांगितलं नाही. घरी गेल्यावर पुसून टाकते ते.

तिला काटा सापडला. नखानं उपटून तिनं तो लांब टाकला, पाय जमिनीवर दाबून बघितला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "माजं बी ऱ्हायलंय ना त्यात. ऱ्हाऊ दे दोनी."

एसटी आली. मनोज बाटली घेऊन पळत आला. कोंडीनं ठकीला उठवलं आणि आम्ही चौघंही चढलो. जागा एकच होती, ती मी कोंडीला दिली. तिनं सरकून मला अर्धी दिली.